झेंडूच्या हाराची गाठ

अक्का,

उजाडताच परडी घेऊन विहिरीजवळच्या वाफ्यात आलो आणि तोडणीला हात न लावता बांधावर बसून राहिलो. फुलं पुष्कळ आली आहेत. तू भादव्यात मुद्दाम उशिरा लावलेली ही रोपं, माझ्या लेकीच्या, यमुनेच्या लग्नासाठी म्हणून वेगळी ठेवलेली. फुलं लवकर येऊ नयेत म्हणून तू दोनदा त्यांचे शेंडे खुडलेस. दिवाळीला सगळं गाव फुलं मागत होतं, पण या वाफ्यात तू कोणाला पाय ठेवू दिला नाहीस. आता ती अगदी वेळेवर उमलली आहेत, जशी तू म्हणाली होतीस तशी. उद्या लग्न आहे. आणि तू नाहीस.

मी दमलो आहे, अक्का. तुझ्या तेराव्यापर्यंत लोक येत राहिले. प्रत्येक जण ओसरीवर बसायचा आणि म्हणायचा, "भल्ली कष्टाळू बाई होती." मी मान हलवायचो. कष्टाळू तर बैलही असतो. तू भांडखोर होतीस, तोंडाने फटकळ होतीस, विड्यात सुपारी जास्त घालायचीस, हसायला लागलीस की पदर तोंडात कोंबायचीस. हे कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. दुखवट्याला आलेल्या माणसांपुढे मला बोलण्याचाच कंटाळा आला होता.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तुझा श्वास थांबला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं नाही. आता जरा पाठ टेकता येईल, असं मनात आलं. तापाच्या त्या दिवसांत मी फार जागलो होतो, हे खरं. तरी ज्या बहिणीने मला कडेवर घेऊन वाढवलं तिच्याजवळ बसून माणसाच्या मनात हे यावं, याची मला लाज वाटते. कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण तू हसली असतीस. म्हणाली असतीस, "मंग टेक ना पाठ बे. मी काय उठून पाहाले येतो?"

आपली भांडणं सगळी फुलांवरून व्हायची. आपण माळी, दुसरं काय असणार. मी म्हणायचो, हजारी लावू, मोठा नारिंगी, भरलेला. शेगावला गुरुवारी तोच खपतो. तू म्हणायचीस, बांधाला मखमल राहू दे, ती छोटी, विटकरी कडेची, कारण दोन मोठ्या फुलांमध्ये एक छोटं नसलं तर हार मेंढरासारखा दिसतो. एकेरी झेंडू मी उपटून फेकायचो. चार पाकळ्यांचं फूल, बाजारात कोणी हात लावत नाही. तू ती रोपं पुन्हा मातीत खोचायचीस.

"राहू दे त्याले. तुह्या हजारीत बी कुठी असते? सारी पाकळीच पाकळी. पुढच्या साली काय लावसीन?"

आणि दवाचं भांडण. ते तर आपण मरेपर्यंत भांडलो, म्हणजे तू मरेपर्यंत. शेगावची बंडी उन्हं वर यायच्या आत निघते, म्हणून मी अंधारातच फुलं तोडायचो. तू मागून ओरडत यायचीस, "वली फुलं तोडू नको रे! आतून सडतात. वरून चांगली दिसतात अन् दुसऱ्या दिवशी देवाच्या गळ्यात पानी गळते." मी म्हणायचो, दुसऱ्या दिवशी देव काही परत आणून देत नाही. तू म्हणायचीस, "देव नाई देत, पन शिव्या मलेच पडतात." मी कधी ऐकलं नाही. फुलं ओलीच जायची, आणि पोत्याखालून आंबूस वास यायचा, तो आलाच नाही असं मी दाखवायचो.

तू घाटावरून परत आलीस तेव्हा मी लहान होतो. तुला घाटावरच्या धाड गावी दिलं होतं. तिकडून तू बंडीत बसून आलीस ती मला नीट आठवत नाही. तुझे मोकळे हात तेवढे आठवतात, कारण मी तुझ्या बांगड्या वाजवत झोपायचो आणि त्या दिवशी वाजवायला काही नव्हतं. पुढे त्याच हातांनी तू या पंचक्रोशीतले सगळे हार ओवलेस. दसऱ्याची तोरणं, दुकानांच्या दारांचे हार, नांगराला आणि मोटेला घालायच्या माळा, लग्नातले हार. आणि शेवटची गाठ मात्र, एक वेळ सोडली तर, कधी मारली नाहीस.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल, म्हणून लिहितो. हार ओवून झाला की दोन टोकं एकत्र आणून गाठ मारायची, खाली गोंडा सोडायचा, मग तो हार. त्याआधी ती नुसती माळ. तू दोन्ही टोकं मोकळी ठेवून माळ ताटात उतरवायचीस आणि हाक मारायचीस, "गिरजे!" माझी बायको पीठ लागलेले हात पुसत यायची आणि गाठ मारायची, कारण लग्नाच्या, मानाच्या हाराला गाठ सवाशिणीची लागते. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. आईच्या वेळी आई मारायची, मग गिरजा. तू कधी कुरकुरली नाहीस. गिरजेची गाठ ढिली पडायची तेव्हा तेवढं म्हणायचीस, "आवळ व, नवऱ्याले आवळते तशी." गिरजा लाजून लाल व्हायची.

बुलढाण्याचे डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर आले होते, ते तुला आठवतं ना? पाटलांचा माणूस धावत आला, आत्ताच्या आत्ता हार पाहिजे. गिरजा माहेरी गेली होती. तू माळ ओवलीस आणि हात थांबवून माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "मार गाठ. साहेबाले काय कयते?" तू मारलीस. संध्याकाळपर्यंत तू सुईला हात लावला नाहीस. पुढे कळलं की साहेबांची बदली झाली, आणि तू पदर तोंडात कोंबून एवढी हसलीस की ठसका लागला. "पाह्य, माह्या गाठीनं साहेब मेला नाई. अकोल्याले गेला!"

दर्ग्याच्या उरुसाला फुलांची चादर तूच करायचीस, पिवळ्या झेंडूत मधून मधून गुलाब. तिथे गाठ कोणाची हे कोणी विचारत नव्हतं. त्या चादरीला किती गाठी लागतात हे मी तुझ्या शेजारी बसून पाहिलं आहे. तू त्या भराभर मारायचीस, न बघता, आणि त्या दिवशी तू गाणं म्हणायचीस. इतर दिवशी ओवताना म्हणत नव्हतीस. हे मला आता लक्षात येतं. तेव्हा वाटायचं, उरुसाचा आनंद असेल.

मी तुला एकदा विचारलं होतं, एवढी फुलं हातातून जातात, तुला काही वाटत नाही का. तू सुईत दोरा घालत म्हणालीस, "झेंडू बरा हाय, किसना. कोनीच डोक्यात घालत नाई. देवाले चालते, दाराले चालते, बैलाले चालते, मढ्याले चालते. बायका गजरा शेवंतीचा करतात, मोगऱ्याचा करतात. झेंडूचं फूल माह्या डोक्यात नाई, हे कोनाले दिसत नाई." मग सुई तोंडात धरलीस आणि पुढचं फूल उचललंस.

आपल्यात विधवेचा पाट लागतो. घाटावरूनच एक माणूस आला होता, चांगला होता, विहीर होती त्याची. तू नको म्हणालीस. मी पुन्हा विचारलं नाही. बागेला तुझे हात हवे होते, हे खरं. घरात मला तू हवी होतीस, हेही खरं. यातलं कोणतं जास्त खरं होतं हे शोधण्याची ताकद आता माझ्यात नाही. तू मनापासून नको म्हणालीस की माझं तोंड पाहून म्हणालीस, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर तू शिवीच दिली असतीस, म्हणजे उत्तर मिळालंच नसतं.

पण ज्याचं ओझं मी घेऊन बसलो आहे ते हे नाही. ते भादव्यातलं आहे, याच वाफ्यातलं. तू रोपं लावत होतीस, मी पाणी मोडत होतो. प्रत्येक रोपाच्या बुडाशी अंगठ्याने माती दाबत तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "किसना, यमुनीच्या हाराची गाठ मले मारू दे. एक डाव."

मी म्हणालो, "पाहू."

"पाहू म्हंजे?"

"पाहू म्हंजे पाहू. आतापासून काय व अक्का, लगनाले टाइम हाय."

तू "हं" म्हणालीस आणि पुढचं रोप उचललंस. उभ्या जन्मात तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस. लुगडंसुद्धा गिरजा आठवणीने आणायची. आणि मागितलं ते काय, तर दोऱ्याची गाठ. मला यमुनेच्या सासरची माणसं दिसली, गिरजेचा चेहरा दिसला, मांडवातली कुजबुज ऐकू आली. नाही म्हणायला जीभ वळेना आणि हो म्हणायची हिंमत होईना. मग माणूस पाहू म्हणतो.

दिवाळीनंतर तुला ताप भरला. तू डोळे उघडलेस की मी पाणी आणायला उठायचो. लोक म्हणायचे, भाऊ किती धावपळ करतो. मी धावपळ करत नव्हतो, अक्का. तू पुन्हा विचारशील या भीतीने पळत होतो. अंग पुसायला गिरजा, उशाशी यमुना, आणि मी सारखा घागर घेऊन विहिरीवर. शेवटी एकदा तू माझं मनगट धरलंस. मी मनात म्हणालो, आता विचारणार. तू म्हणालीस, "दव सुकू देतं का रे, का तसाच तोडून राह्यला?"

मी खोटं बोललो. म्हणालो, सुकू देतो.

तुझ्या तिरडीवर मी हजारीच घातला. दुसरं काही त्या दिवशी उमललेलं नव्हतं. या वाफ्यात कळ्या होत्या, पण त्या तुझ्याच शब्दाने राखलेल्या, त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. ती माळ मी ओवली. वाकडी झाली. गाठ मीच मारली, आणि तिथे सवाशीण लागते की नाही हे विचारायला कोणी आलं नाही.

तू सांगून गेलीस की लग्न पुढे ढकलू नका, म्हणून ढकललं नाही. घरात काम चालू आहे, पण सगळे पाय ओढत चालल्यासारखे वावरतात. यमुनेचा कान दुखला आणि ती सवयीने वाफ्याकडे गेली, झेंडूचा पाला आणला, आणि रस पिळायला कोण म्हणून परसात उभी राहिली. मी पिळला. तुझ्यासारखी धार मला साधत नाही, अर्धा तिच्या गळ्यावरच सांडला. ती म्हणाली, "असू द्या, बाबा," आणि रडत बसली. कान दुखत होता म्हणून की काय, मी विचारलं नाही.

आणि काल दुपारी इब्राहिम रंगारी आला.

उरलेली, कोमेजलेली फुलं तू त्याच्यासाठी सुकवून ठेवायचीस. त्यांचा तो पिवळा रंग काढतो. संग्रामपूरच्या बाजाराला जाताना तो वळायचा, पोतं घेऊन जायचा, तुला आपा म्हणत, तुझ्याशी वाद घालून. तुझी बातमी त्याला कळलेली होती. ओसरीच्या खाली पायरीवरच बसला, पाणी प्याला. मग पिशवीतून दोऱ्याची लड काढली. गडद पिवळी, हळदीपेक्षा थोडी लालसर.

"आपानं देली होती. यमुनीच्या हाराचा दोरा. म्हने, पांढरा दोरा फुलातून दिसते, तुह्या रंगात बुडवून दे. पक्का रंग देजो म्हने."

मी लड हातात घेतली. तुझ्याच हाताचा तिपदरी पीळ. ओळखू आला. इब्राहिम पुढे झुकला आणि बोटाने एक टोक दाखवलं.

"हे पाह्य. हे गाठ मारूनच देली होती तिनं. मी म्हनलं, आपा, रंगवाच्या आधी गाठ काऊन? तिथं रंग चढत नाई बराबर. तं म्हने, चढो का नाई चढो, सोडू नको. हे अशीच राहू दे."

टोकाला गाठ होती. लहान, घट्ट, दोन वेढ्यांची. ओवायला सुरुवात करताना पहिलं फूल जिच्यावर टेकतं ती. ती कोणी पाहत नाही, फुलाच्या देठात लपते. पण ती नसेल तर सुई कितीही चालव, फुलं दुसऱ्या बाजूने गळून पडतात. प्रत्येक हाराला अशी गाठ तू मारतच होतीस, इतकी वर्षं, आणि आम्ही कोणी तिला गाठ म्हणत नव्हतो. ही मात्र तू आधीच मारून ठेवलीस. केव्हा, मी पाहू म्हटल्यावर त्याच रात्री की ताप यायच्या आधी, मला माहीत नाही. माझ्या उत्तराची वाट तू पाहिली नाहीस, एवढं कळलं.

गिरजा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"हा दोरा नको," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुम्हाले समजत नाई का? लगनाचा हार हाय. मी अक्कांच्या शब्दाबाहेर कधी गेली नाई. पन हे लेकीचं हाय." तुझ्यासाठी या घरात सगळ्यात जास्त ती रडली आहे, अक्का, म्हणून तिचं वाईट मानू नकोस. ती भ्याली होती. मी तरी दुसरं काय होतो?

आतून यमुना आली. हळदीच्या आदल्या दिवसाची पोर, केस मोकळे. म्हणाली, "आई, शेवटची गाठ तू मारजो. पहिली आत्याची हाय, ते राहू दे."

"तू गप बस व. नवरीनं बोलू नये."

मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. इब्राहिमही. माझ्या जिभेवर तोच शब्द आला होता, अक्का, खरं सांगतो. पाहू. तो माझ्या तोंडाला इतका सरावला आहे की आपण होऊन येतो. लड हातात होती. तुझ्या बोटांना झेंडूचा जो काळपट चीक बसलेला असायचा, कितीही घासला तरी न निघणारा, त्याचा वास त्या दोऱ्याला होता की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मी म्हणालो, "हाव. हाच दोरा."

गिरजा खाली बसली. बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. मी काही समजूत घातली नाही. मला ती येत नाही. शेवटी तिने हात पुढे केला, लड घेतली, गाठ नखाने चाचपून पाहिली.

"पन हे सुटनार नाई ना? मांडवात सुटली तं लोकं माह्यं नाव घेतीन. म्हनतीन, गिरजेले गाठ मारता येत नाई."

इब्राहिम हसला. "तुरटीच्या पान्यात उकयली, बाई. तवा नाई सुटली. आता कायले सुटते?"

यमुना हसली. मग गिरजाही हसली, रडतारडता, पदर तोंडात कोंबून. तुझीच सवय. ती तिला कधी लागली मला कळलंच नाही.

एवढ्याने मी सुटलो असं मला वाटत नाही. जे हो तुझ्या जिवंतपणी म्हणायला हवं होतं ते तुझ्या पाठीमागे म्हटलं, आणि तेही तू अर्धं काम करून ठेवल्यावर. माझा हा हो तुझ्या कामाचा नाही. यमुनेच्या कामाचा असेल. उद्या तिच्या गळ्यात जो हार पडेल त्यात तुझं बी आहे, तुझी रोपं आहेत, तुझा दोरा आहे, आणि पहिल्या फुलाच्या देठात तुझी गाठ आहे. मांडवात हे चौघांनाच माहीत असेल. इब्राहिमला मी बोलावलं आहे. मधल्या जागी मखमल घालणार आहे, दोन हजारींमध्ये एक. बांधावरची एकेरी रोपं ठेवली आहेत. त्यांना बी धरायला लागलं आहे.

उन्हं आता विहिरीच्या कठड्यावर आली आहेत. सातपुडा निळा होता तो हळूहळू करडा होतो आहे. गिरजा दोनदा बांधापर्यंत येऊन गेली. पहिल्यांदा नुसती पाहून गेली. आत्ता पुन्हा आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, परडी रिकामीच हाय अजून? कवाचे बसून राह्यले तुम्ही. हार कवा ओवाचा?"

मी वाकून एका फुलाच्या पाकळ्यांत बोट घालून पाहिलं. आत अजून ओल होती.

"थांब जरा," मी म्हणालो. "दव सुकू दे."